सत्तरीच्या रांगेत दोघं

ओतूर,
२२ सप्टेंबर २०२५

गेण्या, लेका,

रामराम. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझे कान गेल्यापासून तुला गुपित सांगायचं म्हणजे मला दुकानात उभं राहून बोंबलावं लागतं. मागे मी तुला फोनवर फक्त पोट साफ होत नाही एवढं सांगितलं, तर समोरचा मेडिकलवाला चूर्णाची बाटली घेऊन गल्ल्यापाशी आला. म्हणून हे पत्र. वाचून झालं की चुलीत घाल.

तर ऐक. माझ्या छातीच्या दोन नळ्या बंद निघाल्यात. दुकानातल्या लाकडी घोड्यावर चढून वरच्या फळीवरचं शर्टिंगचं ठाण काढत होतो, खाली आलो तो घामानं डबडबलेला. आमच्या पीयूषनं पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्प्रिंगा बसवाव्या लागतील, ऑक्टोबरच्या पुढे ढकलू नका. पीयूषनं यंदाच आळेफाट्याला रेडिमेडचं दुकान टाकलंय, ते मोडल्याशिवाय एवढी रक्कम उभी राहत नाही आणि मला ते मोडू द्यायचं नाही.

आमची सूनबाई खुशबू मात्र हुशार. आधी विमा कंपनीला विचारलं. त्यांनी विचारलं, आधीचा काही आजार? पोरीनं खरं सांगितलं. त्यांनी तीन वर्षं थांबा म्हणून सांगितलं. मग राज्याची योजना. ती आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू झाली म्हणे, पण आमचं कार्ड ऑनलाइनच नाही. रॉकेल बंद झालं तेव्हापासून ते कुणी बघितलेलंच नाही. तिनं अर्ज केलाय, नंबर लागेल तेव्हा लागेल. शेवटी तिला एक सापडलं. सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, गरीब असो की शेठ, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट. नुसतं आधार घेऊन जायचं आणि कार्ड काढायचं.

सगळे खूश झाले. आणि मग खुशबूनं बोटं मोजली न् तोंड पाडून म्हणाली, "पप्पा तर एकोणसत्तरचे. एक वर्ष कमी पडलं हो!"

गेण्या, तुला माहीत आहे मी किती वर्षांचा आहे. तुलाच माहीत आहे. सत्त्याहत्तर साली घोडेगावला मुलगी बघायला गेलो, तेव्हा आमच्या काकांनी माझं वय एकवीस सांगितलं. होतो पंचवीसचा. मुलीचे आजोबा संशयानं बघायला लागले तेव्हा तूच छाती पुढे काढून म्हणालास, "आम्ही एका बाकावरचे, दोघंही एकवीसचे." त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं.

आता सूरजबाईला काय सांगू? अठ्ठेचाळीस वर्षं खोटं बोललो म्हणून? काहीतरी सुचव.

तुझा,
शांतीलाल

*

हिरडेवाडी, ता. आंबेगाव
२८ सप्टेंबर २०२५

शांत्या,

रामराम. पत्र पावलं. वाचून लई वाईट वाटलं आन् मग लई हसू आलं. सून मोहिनी बाहेरून इचारती, "आबा, एकटंच का हसताय?" म्हनलं, एक मानूस त्र्याहत्तरचा आसून वयात बसंना.

आरं येड्या, तुज्यापायी मीबी ओतुरात आलो की चार वर्षांनी ल्हान व्हतो! गेल्या साली तुज्या शेजारच्या भांडीवाल्यानं वय इचारलं, तर म्या म्हनलं अडुसष्ट. त्यो म्हनला, "गेणभाऊ, लई खंगलात." तुजं खोटं आन् खंगलो मी.

आता कामाचं ऐक. मोहिनी आमच्या वाडीची आशाताई हाय, तिला ह्यातलं समदं कळतं. मला मागल्या साली अंतर्गळ झाला व्हता. चालताना हात पोटाला धरून चालायचो, लोक म्हनायचे आबानं काय चोरलंय. आमचं पिवळं रेशनकार्ड, त्याच्यावर मोहिनीनं योजनेचं कार्ड काढलं. हितं रेंज न्हाई, म्हनून मला खडकावर चढवलं. फोनाम्होरं उभं क्येलं आन् म्हनली, आबा, डोळं मिचकवा. म्या एकच मिचकावला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हनली, दोन्ही मिटायचे आन् उघडायचे, सरकारला डोळा मारायचा नसतो. पर झालं बघ. आप्रेशन झालं, येताना औषधाची पिशवीबी दिली. घरची कोंबडीसुदिक इकावी लागली न्हाई.

तवा तू वहिनीला सरळ सांगून टाक. लई तर लई आठ दिस बोलनार न्हाईत. आठ दिस गप घर आन् छातीत नवी नळी, वाईट सौदा हाय व्हय?

चूल पेटली की पत्र घालतो.

गेणू

*

ओतूर,
५ ऑक्टोबर २०२५

गेण्या,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून वाचलो. घरी आलं असतं तर खुशबूनं मोठ्यानं वाचून दाखवलं असतं.

सरळ सांग म्हणतोस. तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा सूरजबाई सामायिकाच्या ध्यानाला बसली होती, तेव्हा बोलता येत नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, "तुला एक सांगायचंय." तर तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "डॉक्टर अजून काही म्हणाले का?" मी म्हटलं, "नाही, नाही, आज भाजी चांगली झाली." भाजी त्या दिवशी जळली होती. तिसऱ्यांदा पोरांनीच घोळ घातला. पुढच्या वर्षी पप्पांची सत्तरी, म्हणून त्यांनी आत्तापासून हॉल बघून ठेवलाय. सूरजबाई हळूच म्हणाली, "एक वर्ष नीट काढा हो, मग कार्ड मिळेल." असं म्हणाली आणि आत निघून गेली. तिथं मी काय बोलणार, तूच सांग!

माझं आधार मी गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय. त्यावरचं जन्मसाल खरं आहे, बावन्न. शाळेच्या दाखल्यावरून झालं ना ते. म्हणून त्या सालावर मी आपल्या दुकानाचं लेबल चिकटवलं. 'एकच भाव' लिहिलेलं. अकरा वर्षं झाली त्याला. पासष्टी पार केल्यावर एसटीत अर्धं तिकीट मिळतं, तेसुद्धा मी चार वर्षं उशिरानं घ्यायला लागलो. वाण्याच्या जातीला हे किती लागत असेल याची तुला कल्पना नाही.

आता बातमी. परवा जेवताना खुशबूनं एक पत्रक वाचून दाखवलं. पुढच्या मंगळवारी, चौदा तारखेला, जुन्नरला एका शाळेत सत्तरीच्या पुढच्या लोकांची कार्डं काढायचं शिबिर आहे. ओतुरातही होतं म्हणे मागच्या आठवड्यात. ओतुरात मी कसा जाणार? इथं रांगेतला प्रत्येक माणूस माझ्या दुकानात उधारीवर धोतर नेलेला. जुन्नरला कोण ओळखतंय! कार्ड काढीन, आणि मग घरी सांगीन की सरकारनं वयाची अट एकोणसत्तरावर आणली.

घरी सांगितलंय की लेण्याद्रीला जातो.

शांतीलाल

*

हिरडेवाडी,
९ ऑक्टोबर २०२५

शांत्या, आरं अकलेच्या कांद्या!

छातीच्या दोन नळ्या बंद, आन् घरी सांगतोस लेण्याद्रीला जातो? तीनशे पायऱ्या हायती तिथं! तुजी सून तुला पाठवंल का खाटंला बांधून ठिवंल? दुसरं कायबी सांगायचं व्हतंस. दाढ दुखती म्हनायचं. म्हशी बघायला जातो म्हनायचं.

बरं, आता सांगितलंच हायेस तर म्हन की पायथ्यावरनंच हात जोडतो.

शिबिरात काय करायचं ते नीट वाच. लेबल घरीच काढ, तिथं नखानं खरवडत बसू नगंस. आधाराला जोडलेला मोबाइल संगं घे, त्येच्यावर आकडा येतो. टोपी काढ. चष्मा काढ. दोन्ही डोळं मिचकव. छाती धडधडली तर खाली बस, शेठपना दावू नगंस.

आन् एक. चौदा तारखेला तू गेला न्हाईस, तर पंधराला मी ओतुरात येनार. दुकानाच्या दारात हुबं राहून वहिनीला समदं सांगनार. मला ऐकू कमी येतं, म्हनून मी किती जोरात बोलतो ते तुला ठावं हाय. आख्ख्या पेठंला कळंल.

मस्करी करत न्हाई मी, शांत्या. आपल्या वर्गातलं आता तू आन् मी दोगंच उरलो. मला एकट्याला बाकावर बसवू नगंस.

गेणू

*

ओतूर,
१५ ऑक्टोबर २०२५

गेण्या, गेण्या, गेण्या!

बस खाली. पाणी पी. मग वाच.

काल सकाळी नऊच्या एसटीनं निघालो. पीयूष गाडी काढतो म्हणत होता, त्याला आळेफाट्याच्या दुकानावर पिटाळलं. सूरजबाई घरी नव्हतीच. जुन्नरला चातुर्मासासाठी साध्वीजी आहेत, त्यांच्या दर्शनाला जाते म्हणून आठलाच गेली होती. मी म्हटलं, जुन्नर काय लहान आहे? ती जैन स्थानकात, मी शाळेत.

शाळेच्या हॉलमध्ये दोन रांगा. एक पुरुषांची, एक बायकांची. टेबलावर नूतन नावाची मॅडम, हातात फोन. तिचा आवाज काय सांगू, तुझी सख्खी बहीण शोभावी. नंबर आला. आधार दिलं. लेबलाचा डिंक राहिलेला, तो तिनं ओल्या बोटानं पुसला. मी टोपी काढली, चष्मा काढला, डोळे मिचकावले. आणि ती बाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "शांतीलाल, वय त्र्याहत्तर पूर्ण! पुढे या बाबा, तुमचं झालं!"

बायकांच्या रांगेत पाण्याची बाटली दाणकन खाली पडली.

मी चष्मा लावून बघितलं. सूरजबाई! डोक्यावरून पदर, हात तसाच हवेत, आणि बाटली गडगडत माझ्या पायाशी आलेली. गेण्या, माझ्या उरलेल्या नळ्यासुद्धा तिथंच बंद व्हायच्या बाकी होत्या. मी एका फेटेवाल्या बाबांच्या मागे लपलो. त्र्याहत्तरचा माणूस, लपलो! ते बाबा म्हणतात, "पावणं, रांग मोडू नका."

तेवढ्यात तिचा नंबर लागला. मी मागून डोकावतोय. मनात म्हटलं, ही माझ्या मागावर आली, आता मॅडमला माझी तक्रार सांगणार. तर नूतन मॅडम परत ओरडली, "सूरजबाई, वय सत्तर पूर्ण!"

मी फेटेवाल्याच्या मागून बाहेर आलो आणि म्हणालो, "मॅडम, मशीन बिघडलंय तुमचं. ह्या सहासष्टच्या आहेत."

सूरजबाई वळली. म्हणाली, "आणि हे एकोणसत्तरचे."

मॅडम एकदा माझ्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. म्हणाली, "आजीआजोबा, घरात काय बोलायचं ते बोला, सरकारला तरी खरं सांगा!" अख्खा हॉल हसला. फेटेवाला तर खालीच बसला.

गेण्या, तिच्याकडच्यांनीही चार वर्षं उडवली होती! बावीसची मुलगी घरात राहिली म्हणून लोक नावं ठेवतील, तर सांगितली अठराची. इकडून मी चार कमी, तिकडून ती चार कमी. आमच्यातलं तीन वर्षांचं अंतर जागच्या जागी, आणि अठ्ठेचाळीस वर्षं दोघंही जीव मुठीत धरून बसलेलो. तिचं आधार खाखऱ्याच्या डब्यात, माझं गल्ल्यात.

परतीच्या एसटीत शेजारी बसलो. मग तिला हसू फुटलं. मग मला. छातीत दुखायला लागलं तरी थांबेना. कंडक्टर म्हणाला, "काय झालं काका?" सूरजबाई म्हणाली, "काही नाही, आमचं दोघांचं वय वाढलंय." मी विचारलं, "तू तिथं कशाला गेली होतीस?" तर म्हणाली, "तुमच्यावर पाळत ठेवायला. लेण्याद्रीला जाणार म्हणे!" बघ, मला वाटलंच होतं. बायको ती बायकोच.

दोन कार्डं झाली. सत्तावीस तारखेला पुण्यात भरती, अठ्ठावीसला ऑपरेशन. खुशबूला सांगितलं तर ती सोफ्यावर बसून हसता हसता रडली. आळेफाट्याचं दुकान चालू राहील.

शांतीलाल, वय त्र्याहत्तर

*

ओतूर,
१८ ऑक्टोबर २०२५

गेणभाऊंना सूरजबाईचा जय जिनेंद्र.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, हसू नका. ह्यांनी तुमची सगळी पत्रं दाखवली. एकवीसचे म्हणून तुम्ही घोडेगावात छाती काढून सांगितलं होतं, ते मला आठवतंय. पडद्याआडून मी बघत होते. तेव्हाच वाटलं होतं, एकवीसचा मुलगा आणि मिश्या एवढ्या! पण मी तरी कुठं अठराची होते, म्हणून गप्प बसले.

तुम्हाला एक सांगते, पण ह्यांना कळू देऊ नका. मी जुन्नरला ह्यांच्यावर पाळत ठेवायला गेले नव्हते. हे तिथं येणार आहेत हे मला स्वप्नातही माहीत नव्हतं.

खुशबूनं पत्रक वाचलं ना, तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळत होतं. हे एकोणसत्तरचे, ह्यांना कार्ड नाही. मी सत्तरची, मला मिळतं. मला काय करायचंय कार्ड घेऊन, मी धडधाकट. म्हणून मी सकाळीच जाऊन त्या नूतनताईंना विचारलं, "ताई, माझं वय मोजा आणि कार्ड माझ्या नवऱ्याला द्या. घरी माझं खरं वय कळलं तरी चालेल." त्या म्हणाल्या, "आजी, ज्याचं दुखणं त्याचंच कार्ड लागतं. बदलून नाही देता येत." मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या तसं माझंच कार्ड काढायला मी रांगेत उभी राहिले, पण भिंतीकडे तोंड करून, कारण रडू आवरेना.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, शांतीलाल, वय त्र्याहत्तर. गेणभाऊ, माझ्या हातातून बाटली सुटली ती रागानं नाही हो! मला वाटलं, देव पावला. नवरा म्हातारा निघाला म्हणून एवढा आनंद झालेली बाई जुन्नर तालुक्यात दुसरी नसेल.

ह्यांना हे सांगितलं तर फुगून बसतील आणि आयुष्यभर मला चिडवतील. म्हणून मी पाळत ठेवली असं सांगितलं. तुम्ही पोटात ठेवा. दिवाळीला मोहिनीच्या मुलांसाठी शेव पाठवते आहे.

सूरजबाई

*

हिरडेवाडी,
२५ ऑक्टोबर २०२५

शांत्या,

ह्ये पत्र मोहिनीच्या हाती धाडतोय. ती कामानं पुन्याला चाललीय, तुला दवाखान्यात आनून दील. टपालावर इस्वास न्हाई असं न्हाई, पर ह्ये तुला आप्रेशनच्या आधी मिळायला पायजे.

वहिनीनं मला एक गुपित सांगितलं आन् पोटात ठिवा म्हनल्या. मी इचार क्येला. तुजं एक गुपित अठ्ठेचाळीस वरसं पोटात ठिवलं, त्यात मला अंतर्गळ झाला. दुसरं ठिवनार न्हाई. डॉक्टरनं जड उचलायला बंदी क्येलीय.

तर ऐक. वहिनी तुज्यावर पाळत ठेवायला गेल्या नव्हत्या. तू येनार ह्ये त्यांना ठावंच नव्हतं. तू वयात बसत न्हाईस म्हनून त्या सोताचं कार्ड तुज्या नावावर करून मागायला गेल्या व्हत्या. दोनदा इचारलं, दोनदा न्हाई म्हनले. तवा भिंतीकडं तोंड करून रडत हुब्या व्हत्या. तुजं वय ऐकलं आन् बाटली पडली ती खुशीनं पडली.

तू गेलास घरच्यांपासनं वय लपवून कार्ड काढायला. त्या गेल्या वय सांगून तुला द्यायला. आता आत नेतील तवा ह्ये ध्येनात ठिव आन् नीट भाईर ये. बाकावर तुजी जागा राखून ठिवलीय.

गेणू

*

पुणे,
३१ ऑक्टोबर २०२५

गेण्या,

दोन्ही स्प्रिंगा बसल्या. कार्डानं सगळं पार पडलं. उद्या घरी सोडतात.

मोहिनीनं पत्र दिलं तेव्हा सूरज शेजारी बसून डाळिंब सोलत होती. मी वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. ती म्हणाली, "काय लिहिलंय एवढं गेणभाऊंनी?" मी म्हटलं, "काही नाही, म्हशीबद्दल आहे."

दुसऱ्या दिवशी आत न्यायच्या आधी नर्स आली. नाव? सांगितलं. वय? आणि मी, गेण्या, तुझ्यासारखा ओरडलो, "त्र्याहत्तर!" अख्खा वॉर्ड वळला. नर्स म्हणाली, "बाबा, मला ऐकू येतं. सोबत कोण?" मी म्हटलं, "ही. वय सत्तर. मला बरं करायला स्वतःचं वय घेऊन रांगेत उभी राहिली होती."

सूरज लालबुंद झाली. म्हणाली, "गेणभाऊंच्या पोटात आठ दिवससुद्धा राहिलं नाही का हो?" मग ढकलगाडी हलली तेव्हा तिनं माझा हात धरला आणि दारापर्यंत सोडला नाही.

तुझी पुढच्या दिवाळीची अर्धी शेव रद्द झाली आहे. तिचा निरोप आहे. पुढच्या वर्षी माझी सत्तरी मात्र होणारच, पोरांनी हॉलचे पैसे भरलेत. तू ये. बाकावर तीन जण बसू.

शांतीलाल